तीन डब्यांवरचा शेंदूर

पांढुर्ण्याचं पोट्टं नेमबाजीवर लिहून राहिलं म्हटल्यावर तुम्हाले वाटलं असन, आता गोटमार येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडं, मधात पळसाचं झाड, फुटलेले डोस्के. नाही येत. आमच्या घरी गोटमारच्या दिवशी दरवाजे लावून भजे तळतात. मंग तुम्हाले वाटन, बंदूक आली म्हणजे कोणाचा तरी मर्डर. तोही नाही. मंग मेडल? फाटका जॅकेट, शेवटची गोळी, टाळ्या, आईच्या डोळ्यात पाणी? त्यातलं शेवटचं तेवढं आहे. आईच्या डोळ्यात पाणी आहे. बाकीचं सगळं होणार होतं, ते मी घालवलं.

मी नकल्या. हे माहं नाव नाही, पण हजेरी सोडली तं शाळेत सगळे मले हेच म्हणत. हेडसरचं नाक ओढणं, बस गच्च भरलेली असताना बसवाल्याचं "सौंसर, सौंसर, बैठो माताजी, पूरी खाली है", सगळं माह्या गळ्यात राहे. घरी पाहुणे आले की बाबा म्हणत, "कर रे तो बसवाला." बाबा मास्तर. त्यायचीही नकल मले येये, पण ती मी त्यायच्या पाठीमागं करो.

बारावीच्या वर्षी मी शनिवार-रविवार सौंसरले मामाकडे राहो. कारण मोहगाव रोडवर एक बंद पडलेली कापसाची जिनिंग होती अन् तिच्या मागच्या मैदानात आमची रेंज. पन्नास मीटर. पलीकडे मातीचा उंच बांध, बांधासमोर टार्गेटच्या चौकटी, अन् मधात दर दहा मीटरवर तुराटी रोवलेली. तुराटीच्या टोकाले दोरा, दोऱ्याले बोटाएवढा कापसाचा पुंजका. हवा कुठून येऊन राहिली ते पुंजका सांगे. एकदा बाजारातल्या कापडी झेंड्या आणल्या होत्या, पण त्या झोपलेल्याच राहत. कापूस मात्र कोणी शिंकलं तरी हाले.

रेंज चालवत ते सर. रिटायर सुभेदार, गावचेच, पण रागावले की हिंदीत जात. क्लबच्या लायसनवर एकच चांगली बंदूक होती, पॉइंट टू-टूची. सगळे पोट्टे पाळीपाळीनं त्याच बंदुकीवर शिकत. पोटावर झोपायचं, पट्टा दंडाले आवळायचा, अन् साठ गोळ्या. टार्गेटचा दहाचा गोल शर्टाच्या लहानशा बटनाएवढा. पन्नास मीटरवरून.

आता पोट्ट्यायची पैली नजर जाते सामानावर. मी मोबाईलवर बाहेरच्या देशाचे नेमबाज पाहो अन् मले तसाच निळा जॅकेट पायजे होता, बकलवाला. एका डोळ्यावरची पट्टी. लाल हातमोजा. मी सात गुणांचा नेमबाज अन् सत्तर गुणांचं सामान. सर माह्याकडे पाहून म्हणत, "पहले गोली. फिर बंदूक. फिर जॅकेट. और तू? तू सबसे आखिर में." हे वाक्य मी इतकं हुबेहूब म्हणो की एकदा ते संडासात असताना मी बाहेर म्हटलं अन् पोट्टे सावधान उभे राहिले.

रामाकोन्याहून एक पोरगी येये. माह्यापेक्षा वर्षानं मोठी. आम्ही तिले रामाकोन्याचीच म्हणो. घरी संत्र्याचा बगीचा अन् कापूस. तिचा जॅकेट सौंसरच्या स्टँडजवळच्या टेलरनं ताडपत्रीचा शिवला होता, जो शाळेचे दप्तरं शिवे. कोपराले जुन्या चपलीचं चामडं. तो घालून ती चालली की दार चालून राहिलं असं वाटे. मी म्हणो, "दार आलं, दार आलं, कडी लावा." ती हासत नसे. गोळी झाडे, श्वास सोडे, मंग हासे. तिचं सगळंच तसं, गोळी झाल्यावर.

ती आमच्यात एकटीच खरी होती. बाकी आम्ही शनिवार-रविवारचे. सरायनं तिले सांगतलं होतं, नोव्हेंबरात भोपाळले राज्याची स्पर्धा आहे. ठरलेला स्कोर आला की सरकारी होस्टेलात जागा. स्वतःची बंदूक, कोच, दोन टायमाचं जेवण, सगळं. पण वयाची अट होती, अन् तिचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिनं आभाळातला तारा पाडला असता तरी फॉर्म घेणार नव्हते.

आता गोळ्यायचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडते. गोळ्या कारखान्यातून खेपेखेपेनं निघतात. दिसायले सगळ्या जुळ्या, पितळी, चकचकीत. पण एका खेपेची गोळी आपल्या बंदुकीले मानवते, दुसऱ्या खेपेची नाही मानवत. का, ते कोणाले सांगता येत नाही. सासूले एक सून मानवते अन् दुसरी नाही, तसंच. सर बंदूक रेतीच्या पोत्यावर ठेवून प्रत्येक खेपेच्या दहा-दहा गोळ्या झाडून पाहत. एका खेपेच्या दहाही गोळ्यायनं मिळून एकच भोक पाडलं. बाकीच्या खेपा जरा विखरत. जरा म्हणजे दहाच्या जागी नऊ, कधी आठ. शिकायले चालते. भोपाळले नाही चालत.

त्या जुलैत जिनिंगचं टीन गळलं अन् कागदी डब्या भिजल्या. खेपेचा नंबर त्या डब्यांवरच छापलेला राहे. सरायनं गोळ्या कोरड्या केल्या अन् मेडिकलवाल्याकडचे पांढरे रिकामे डबे आणून त्यात भरल्या. आठ डबे, प्रत्येकात पन्नास. चांगल्या खेपेचे तीन. निशाण म्हणून सरायनं स्केचपेन वापरला, तं तो तेलाच्या हातानं दोन दिवसात पुसला. सर दर मंगळवारी जामसांवलीच्या हनुमानाले जात. तिथून आणलेला शेंदूर त्यायनं तेलात कालवला अन् तीन डब्यांच्या झाकणावर एक-एक ठिपका लावला. "ये तीन भोपाळ के. इनको हाथ नहीं लगाना." सराव बाकीच्या पाच डब्यांवर, तेही दसऱ्याच्या पूजेनंतर उघडायचे; तोवर उरल्यासुरल्या सुट्या गोळ्या. ठिपक्याचं सरले, तिले अन् मले माहीत होतं. मले कारण पेटी मी उचलो.

दसऱ्याले सर रेंजवर शस्त्रपूजा करत. ती त्या दिवशी आली नव्हती, तिच्या घरी ट्रॅक्टरची पूजा होती. मी होतो अन् चार बारके पोट्टे. सरायनं लोखंडी पेटी उघडली, पांढरी चादर अंथरली, बंदूक मधात, दुर्बीण बाजूले, डबे रांगेत. फुलं ठेवले, उदबत्ती लावली. तेवढ्यात फाटकावर कोणी जुने फौजी आले सोनं द्यायले. सर तिकडे गेले. दहा मिनिटं. घड्याळ लावून दहा मिनिटं.

एक बारका म्हणाला, "नकल्या दादा, पुजारी कर न."

मी कधी नाही म्हटलं असतं तं आज कायले लिहीत बसलो असतो.

मी दुपट्टा खांद्यावर टाकला, शेंदराची वाटी घेतली अन् डबे झाले भक्त. जामसांवलीची शनिवारची लाईन. एक-एक डबा उचलून मी पुढं आणो. "या काकाजी, नागपूरहून आले? गाडी लावली का नीट?" त्याच्या झाकणाले शेंदूर. "या माय, गुडघे दुखतात? देव पाहतो." त्याले शेंदूर. "ए पांढुर्णावाले, लाईन तोडू नको, इथं गोटमार नाही!" त्याले तं पूर्ण झाकणभर फासला. पोट्टे लोळून राहिले हासून. मी आठही भक्त पावन केले, दुर्बिणीले लावला, स्टुलाले लावला, एका पोट्ट्याच्या नाकाले लावला.

मंग मी खाली पाहिलं. चादरीवर आठ डबे, आठही लाल. अन् रांगेतही राहिले नव्हते, कोणी इकडे, कोणी तिकडे.

फाटकावर सरायचं हासणं ऐकू आलं, "अच्छा चलो फिर," असं. म्हणजे येऊन राहिले. माह्याजवळ बंदुकीची नळी साफ करायचं औषध होतं अन् चिंधी. मी आठही झाकणं घासले. नवा शेंदूर गेला. जुनाही गेला. आठ पांढरे डबे. मी बारक्यायले म्हटलं, कोणी बोललं तं पाहा. अन् तीन डबे उचलले. कोणते? जे मले वाटले. पोट्टे परीक्षेत शेवटच्या मिनिटाले गोल काळे करतात तसे. तीन ठिपके लावले, नीट, गोल, मधात.

सर आले. पाहिलं त्यायनं. "शेंदूर ताजा केला?"

"हो सर."

"शाबास," ते म्हणाले. "कोई तो है जिसको ध्यान है."

त्यायनं मले आयुष्यात पैल्यांदा शाबास म्हटलं होतं. मले वाटलं, संध्याकाळी सांगतो. मंग वाटलं, उद्या. भोपाळले वीसेक दिवस होते. सांगतलं असतं तं काय झालं असतं? दोन शिव्या, चार दिवस रेंजच्या बाहेर. सरायनं प्रत्येक डब्यातल्या दहा गोळ्या झाडल्या असत्या अन् एका सकाळी समजलं असतं कोण कोणतं. एवढंच होतं. मी हिशेब असा केला की आपले तीनपैकी तीन बरोबरही असू शकतात. देवाच्याच शेंदरानं लावले न.

पुढच्या शनिवारी ती सरावाले झोपली. सरायनं पेटीतून बिनठिपक्याचा डबा काढून देल्ला. पैल्या दहा गोळ्या, दहाही मधात. सरायनं दुर्बिणीतून डोळा काढला, पुसला, परत लावला. दुसऱ्या दहा. तशाच. त्या दिवशीचा तिचा स्कोर रेंजवर कोणाचाच कधी आला नव्हता.

"बेटा," सर म्हणाले, "तू तैयार है."

मी कापसाच्या पुंजक्याकडे पाहत उभा राहिलो. मले समजलं होतं. चांगली खेप सरावात जळून राहिली होती.

त्याच डब्यातल्या उरलेल्या गोळ्या, दर वेळी दहा, अन् दर वेळी तेच. ती खुश, सर खुश. तिनं घरून सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणल्या, सरायनं दोन खाल्ल्या, जे कधी चहाही घेत नसत. बस स्टँडवर ती मले म्हणाली, "नकल्या, खरं सांग. मी सुधरून राहिली का बे?"

"मंग काय," मी म्हटलं. "दार आता किल्ल्याचं झालं."

ती हासली. तेव्हा सांगतलं असतं तरी चाललं असतं. अजून आठ दिवस होते. पण आता नुसता डबा चुकला असं सांगायचं नव्हतं न. तू सुधरली नाहीस, गोळी सुधरली, असं सांगायचं होतं. ते माह्या तोंडून निघे ना. माह्या तोंडून दुनियेचे आवाज निघतात.

पांढुर्ण्याहून गाडीनं गेलो. सर, ती, तिची आई अन् मी. काकू पोरीले एकटी पाठवत नव्हत्या, अन् मी ज्युनिअरात नावाले होतो. माहा नंबर सकाळी लागला अन् संपला, त्यावर काही सांगण्यासारखं नाही.

तिचा नंबर दुपारी. आम्ही दोरीच्या मागं. इथं कागद नव्हते, प्रत्येकाच्या बाजूले स्क्रीन, गोळी कुठं लागली ते लगेच दिसे. तिनं ताडपत्रीचा जॅकेट घातला, आजूबाजूच्या पोरी रंगीत रंगीत. एकीनं हात लावून पाहिला. ती झोपली, पट्टा आवळला. ठिपक्याचा पैला डबा उघडला.

तो बरोबर निघाला. मी खरं सांगतो, मले त्या वेळी रडू आलं असतं इतका आनंद झाला. सुरुवातीच्या चाचणीच्या गोळ्या मधात. पैली दहाची मालिका मधात. दुसरी, तिसरी. काकू मले म्हणाल्या, "बाबू, लाल ठिपके एकावर एक पडून राहिले, चांगलं हाय का?" मी म्हटलं, "लय चांगलं, काकू." सर मुठी आवळून उभे होते.

चाचणीच्या वीस अन् स्कोरच्या तीस. पन्नास गोळ्या. डबा संपला. तिनं दुसरा उघडला.

पैली गोळी नऊ. ती थांबली, हवा पाहिली. दुसरी दहा. तिसरी आठ, वर. तिनं बंदूक खाली ठेवली, पट्टा सैल केला, परत आवळला. चौथी नऊ, खाली. हवा असती तं एका बाजूले गेल्या असत्या. ह्या चारी बाजूले जाऊन राहिल्या. सर हळूच म्हणाले, "श्वास. श्वास, बेटा." त्यायले वाटलं श्वास. तिलेही तेच वाटलं. तिनं कोपर हलवला, गाल हलवला, सगळं जे पक्कं बसलेलं होतं ते एक-एक करून उकललं. तिच्या जवळ तिसरा डबाही होता. कदाचित तो बरोबर असन. मी दोरीवर हात ठेवून उभा होतो, सर माह्यापासून एका हातावर होते. नुसतं वळून सांगायचं होतं.

ठरलेल्या स्कोरले तीन गुण कमी पडले.

मागं कोणी तरी म्हणालं, लहान गावच्या पोरायचं असंच होते, अर्ध्यात प्रेशर येते. काकूच्या डोळ्यात पाणी होतं, ते मी सुरुवातीलेच सांगतलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीजवळ बसली होती. इटारसी गेली, आमला गेलं. सर समोर डोळे मिटून. मंग तिनं उजवा हात समोर धरला, पंजा उघडा, अन् बराच वेळ पाहत राहिली. मले म्हणाली, "कापते का रे?"

गाडी हालून राहिली होती. सगळ्यायचेच हात हालून राहिले होते. मी म्हटलं, "थोडासा."

का म्हटलं? कारण नाही म्हटलं असतं तं तिनं पुढं इचारलं असतं, मंग काय झालं?

त्याच्यानंतर तिनं बंदूक धरली नाही. सर दोन-तीन महिने रेंजवर आले. मंग पेटी क्लबात जमा करून फाटकाले कुलूप लावलं. लोकायले म्हणत, मी पोरीले जास्त ताणलं, कच्ची होती. मी नागपूरले कॉलेजात गेलो. तिथं माह्या नकला लय चालतात. सरायची "पहले गोली" सगळ्यात जास्त. होस्टेलचे पोट्टे मले झोपेतून उठवून करायले लावत.

कॉलेजच्या पैल्या वर्षी, फेब्रुवारीत मी घरी आलो तं मामानं मले रामाकोन्याले पाठवलं, तिच्याच घरून संत्र्याचं एक कॅरेट आणायले. मृगाचा बहार उतरवणं चालू होतं. झाडाखाली ढीग अन् ती बसून वेगळे करून राहिली होती, मोठे इकडे, बारके तिकडे, डागी मागं.

"आला का नकल्या," ती म्हणाली. "जाडा झाला बे. कर न सरची नकल. लय दिवस झाले."

मी केली. ती हासली, अन् हासता हासता तिनं हात मांडीखाली दाबला. मी कॅरेट उचललं.

काकू पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाबू, तू नागपूरले राहतो. तिथं हात कापायवर कोणी डॉक्टर असन तं पाह्य न. पोरगी रोज सकाळी हात समोर धरून बसते. आमाले तं काई दिसत नाही, पण ती म्हणते कापते. जामसांवलीले पाच शनिवार नेलं, शेंदूर लावला, काई फरक नाही."

माह्या हातात कॅरेट होतं. मी ते हातात घेऊनच सगळं सांगतलं. दसरा, लाईन, काकाजी, माय, औषध, चिंधी, तीन डबे. मधात कोणाचाच आवाज काढला नाही. काकू कधी माह्याकडे पाहत, कधी तिच्याकडे.

तिनं हातातलं संत्रं बारक्यात टाकलं. ते मोठं होतं. मंग उठली.

"शेंदूर फासला ते ठीक आहे," ती म्हणाली. "माकडाच्या हातात शेंदूर देल्ला तं माकड फासनच. डबे चुकले तेही ठीक. गाडीत मी तुह्यासमोर हात धरला होता. धरला होता न?"

"हो."

"काय इचारलं होतं?"

"कापते का म्हणून."

"अन् तू काय म्हटलं?"

मी कॅरेटमधल्या संत्र्यांकडे पाहिलं.

"तोंड उघड न! दुनियेच्या नकला करतो, स्वतःची कर! काय म्हटलं?"

"थोडासा."

"थोडासा म्हणे!" तिनं हात माह्या नाकासमोर आणला. "पाह्य. पाह्य न, कापते का? सव्वा वर्ष मी भाकर थापताना ह्या हाताकडे पाहून राहिली. चहा घेताना पाहून राहिली. सही करताना लोक पाहतील म्हणून पाठ फिरवून सही केली. हात माहा चांगला होता, लेकाच्या! चांगला होता!"

"हळू बोल वं," काकू म्हणाल्या, "बाया ऐकून राहिल्या."

"ऐकू दे. अन् सर? त्या माणसानं माह्या पायी कुलूप लावलं, अन् हा तिकडे त्यायची नकल करून टाळ्या घेते. जा. आत्ता जा. बस नसन तं पायी जा. सरले सांग. अन् पुजाऱ्याच्या आवाजात नको, बसवाल्याच्या नको, त्यायच्या तं बिलकुल नको. तुह्या आवाजात सांग, आतासारखं फाटक्या आवाजात. अन् कॅरेट ठेव खाली ते. मामाले म्हण, देल्लं नाही."